प्रयोग देठाचा, श्रेय मुळांना!

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या बालपुरवणीत गेल्या महिन्यात, मुळे पाणी कशी पितात अशा आशयाच्या मथळ्याखाली, मुलांनी घरी करून पाहावा असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पांढऱ्या फुलाचा दांडा खाण्याचा लाल किंवा निळा रंग घातलेल्या पाण्यात उभा करायचा, रात्रभर वाट पाहायची आणि सकाळी पाकळ्यांवर उमटलेल्या रंगीत शिरा पाहायच्या, असा तो प्रयोग. कृती सोपी होती, साहित्य घरातले होते आणि चित्रही सुबक होते. मात्र खालच्या चौकटीत जे स्पष्टीकरण दिले होते, त्यात दोन विधाने होती. झाडाची मुळे जमिनीतले पाणी अशाच रीतीने शोषतात हे पहिले, आणि ते पाणी केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप वर चढतो त्या गुणामुळे, शेंड्यापर्यंत चढते हे दुसरे. यांपैकी पहिल्या विधानाचा त्या प्रयोगाशी संबंध नाही आणि दुसरे विधान, निदान उंच झाडांच्या बाबतीत, चुकीचे आहे. तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवल्यानंतर अशी चूक वाचून गप्प बसवत नाही, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

खरे तर पुरवणी वाचून मी केवळ हळहळलो असतो आणि विषय तिथेच संपला असता. परंतु त्यानंतर पंधरा दिवसांनी एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. तिथे चार वेगवेगळ्या गटांनी हाच प्रयोग मांडला होता आणि चारही तक्त्यांवर आपल्या पुरवणीतील चौकट जवळपास शब्दशः उतरवून घेतली होती. एका टेबलावर निशिगंधाच्या दांड्या निळ्या पाण्यात ठेवल्या होत्या, फुलांच्या कडा सुरेख निळ्या झाल्या होत्या आणि सहावीतली एक मुलगी, मुळे पाणी कशी ओढून घेतात हे घडाघडा सांगत होती. मी विचारले, "यातली मुळे कुठे आहेत?" ती क्षणभर गोंधळली, मग दांडी उचलून तिने तळ पाहिला आणि म्हणाली, "सर, फुलवाल्यानं कापूनच दिलीत." तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शक शिक्षिका हसल्या, मीही हसलो, पण प्रदर्शनाच्या त्या दिवसभरातले सर्वांत अचूक निरीक्षण तेच होते. मुलीने पाहिले ते बरोबर होते, पाठ केले होते ते चूक होते आणि गुण मात्र आम्ही पाठ केलेल्याला देतो.

मुळे नसलेली दांडी रात्रभरात रंगीत पाणी फुलापर्यंत पोहोचवते, यातून खरोखर काय कळते? पाणी वर नेण्यासाठी मुळे असलीच पाहिजेत असे नाही, हेच कळते! मथळ्यात जे सांगितले होते त्याच्या जवळजवळ उलट. देठाच्या आत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, ज्यांना आपण जलवाहिन्या म्हणतो, आणि त्यांच्यातून पाण्याला वर खेचणारे काहीतरी देठाच्या वरच्या अंगाला असते, एवढे हा प्रयोग निश्चित दाखवतो. ते काहीतरी म्हणजे पाने आणि पाकळ्या यांच्यातून सतत होणारे बाष्पीभवन, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बाष्पोच्छ्वास. रंग पाकळ्यांच्या कडांना अधिक गडद का दिसतो, याचे उत्तरही त्यातच आहे. पाणी कडेपर्यंत येते आणि वाफ होऊन निघून जाते, रंगाला मात्र वाफ होता येत नाही, तो तिथेच साचत राहतो. मिठागरात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, तसाच हा प्रकार आहे.

आमच्या पिढीने हा प्रयोग फुलावर नव्हे, तर तेरड्यावर केला. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण ज्या रंगाबद्दल आहे तो फुलाचा. आमच्या प्रयोगातला रंग देठाचा होता आणि तो तीन दिवस नव्हे, तासाभरातच दिसू लागे. तेरड्याचे खोड रसाळ आणि अर्धपारदर्शक असते, त्यामुळे लाल शाईच्या पाण्यात ठेवलेल्या रोपाच्या खोडात तांबड्या रेघा वर सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खोड आडवे कापले तर त्याच रेघा ठिपक्यांच्या वर्तुळासारख्या दिसतात. पाणी खोडाच्या सगळ्या गरातून झिरपत नाही, ठरावीक वाटांनीच जाते, हे त्या ठिपक्यांवरून मुलांना सांगावे लागत नाही. बाजारातल्या गुलाबात किंवा शेवंतीत हे दिसत नाही. तिथे केवळ शेवटचा परिणाम दिसतो, वाट दिसत नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये सेलरीच्या दांड्या वापरतात आणि आपल्याकडची मुले मग सेलरी शोधत फिरतात. ती भाजी आमच्या मंडईत मी आजवर पाहिलेली नाही. श्रावण-भाद्रपदात परसात आणि बांधावर उगवणारा तेरडा मात्र फुकट मिळतो. कोकणात तर गौरी म्हणून त्याचीच रोपे घरी येतात. (कास पठारावरचा तेरडा मात्र कुणी प्रयोगासाठी उपटू नये. तिथला तेरडा वेगळ्या जातीचा आहे आणि ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत समाविष्ट आहे.)

इथे एक आक्षेप येईल तो मीच नोंदवतो. आम्ही तेरडा मुळासकट उपटून शाईत ठेवत असू, तेव्हा मुळे होतीच की! होती, पण कशी? रोप ओढून उपटले की मातीच्या कणांना चिकटलेले मूलरोम, म्हणजे मुळांच्या टोकांजवळचे केसांहून बारीक धागे, तुटून मातीतच राहतात आणि कोवळ्या मुळ्यांची टोकेही मोडतात. शाई शिरते ती बहुतांशी या जखमांमधून. धडधाकट मूळ रंगाला इतक्या सहजी आत घेत नाही. मुळाच्या आत, जलवाहिन्यांभोवती, पेशींचे एक वर्तुळ असते आणि त्या पेशींच्या भिंतींमध्ये पाणी अडवणाऱ्या पदार्थाची एक पट्टी असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्पारी यांच्या नावाने ती ओळखली जाते. या पट्टीमुळे पेशींच्या फटींमधून आलेले पाणी तिथे अडते आणि पुढे जायचे तर त्याला जिवंत पेशीच्या पटलातून, म्हणजे तिच्या पातळ आवरणातून, जावे लागते. पटल पाण्याला वाट देते, पण विरघळलेल्या प्रत्येक पदार्थाला देत नाही. ज्या मुलांच्या घरी बाटलीतल्या पाण्यात वाढवलेला मनी प्लँट आहे, त्यांनी ही गोष्ट स्वतः तपासावी. एका बाटलीत भरपूर मुळे फुटलेली फांदी आणि दुसऱ्या बाटलीत त्याच वेलीची नुकतीच कापलेली, मुळे नसलेली फांदी ठेवावी, दोन्हींत सारखा रंग घालावा आणि कुणाची पाने आधी रंगतात ते पाहावे. मी माझ्या खिडकीत हे केले तेव्हा कापलेल्या फांदीच्या पानांच्या शिरांवर रंग दिसू लागला आणि मुळे असलेली फांदी त्यानंतरही बरेच दिवस हिरवीच्या हिरवी राहिली. मुळे पाणी कशी पितात हे सांगायचे असेल तर सुरुवात इथून करायला हवी. मुळे केवळ पीत नाहीत, ती गाळून पितात.

आता मुळांत पाणी शिरते कसे, हे मुलांना समजावणे अवघड आहे असे मला वाटत नाही. प्रत्येक घरात त्याचे प्रात्यक्षिक होत असते. काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधी घातले की वाटीत पाणी सुटते, आणि त्याच काकडीच्या मऊ पडलेल्या चकत्या साध्या पाण्यात ठेवल्या की पुन्हा ताठ होतात. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे पटलातून पाणी सरकते. यालाच परासरण म्हणतात. मुळाच्या पेशींत क्षार आणि शर्करा विरघळलेल्या असतात, मातीतल्या पाण्यात त्या मानाने कमी, म्हणून पाणी आत येते. पेशीच्या पटलात तर पाण्यासाठी खास दारेच असतात. अशा दारांचे काम करणारी प्रथिने शोधल्याबद्दल पीटर अॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. युरियाची मूठ रोपाच्या बुंध्याशी पडली की रोप करपते, तेही काकडीच्याच न्यायाने: बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खारट झाले की मुळाला पाणी मिळण्याऐवजी मुळातले पाणी बाहेर ओढले जाते.

आणि शेतकऱ्याच्या मुलाला तर याहून चांगले उदाहरण ठाऊक असते. अतिवृष्टीत रान चिबडले, दोन-तीन दिवस पाणी तुंबून राहिले की सोयाबीन, तूर, मिरची माना टाकतात. पायाशी पाणीच पाणी आणि पाने मात्र तहानलेल्यासारखी, हे कोडे पुरवणीतल्या स्पष्टीकरणाने सुटत नाही. देठ जसा रंगीत पाणी ओढतो तसेच मूळ ओढत असते, तर चिबडलेल्या रानात पीक टवटवीत राहायला हवे होते. पण मूळ जिवंत असते, त्याला श्वास घ्यावा लागतो आणि मातीतल्या पोकळ्यांमधली हवा पाण्याने हुसकावून लावली की त्याच्या पेशींचे काम मंदावते, पाण्याची दारेही मिटू लागतात. म्हणून तर आपल्याकडे वाफसा हा शब्द आहे: मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती. वाफशावर पाणी द्यावे हे आजोबा सांगतात, त्यामागचे शास्त्र शाळेने सांगायचे असते. आणि आपली पुरवणी तर शाळेहून अधिक घरांत पोहोचते.

आता केशाकर्षण. अलीकडे या फुलाच्या प्रयोगाच्या जोडीला टिश्यू पेपरचा प्रयोग दाखवण्याची पद्धत पडली आहे. एका ग्लासातले रंगीत पाणी कागदाच्या घडीवरून चालत दुसऱ्या ग्लासात जाते आणि झाडातही असेच होते असे सांगितले जाते. टिपकागदात, समईच्या वातीत, भिंतीच्या ओलीत केशाकर्षण आहेच. बारीक नळीत द्रव आपोआप काही उंचीपर्यंत चढतो हे खरे आहे. पण किती उंचीपर्यंत, हा प्रश्न विचारल्याबरोबर हिशेब फिसकटतो. एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी केशाकर्षणाने सुमारे ३० सेंटिमीटर चढते; व्यास त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे ०.०४ मिलिमीटर घेतला तरी पाऊण मीटरच्या आसपास थांबते. जलवाहिन्यांची रुंदी साधारण याच पट्ट्यातली असते. तुळशीच्या रोपाला एवढे पुरेल, पण २० मीटरच्या माडाचे काय, ३० मीटरच्या सागाचे काय? उत्तर अमेरिकेत कॅलिफोर्नियात रेडवूडची झाडे १०० मीटरहून उंच जातात. दहावीचा विद्यार्थी हा हिशेब वहीच्या अर्ध्या पानात करू शकतो.

मग पाणी चढते कसे? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दीडशे-दोनशे वर्षे झुलवले, आणि मला वाटते, मुलांना उत्तरापेक्षा ही झुंजच सांगावी. फ्रान्समध्ये पिएर मान्योल यांनी १७०९ मध्येच झाडांना रंगीत द्रव शोषायला लावून पाहिले होते. म्हणजे आपल्या बालपुरवणीतला प्रयोग तीनशे वर्षांहून जुना आहे. त्यानंतर इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तराजूत घातली. साडेतीन फुटांचे ते झाड दिवसाला सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणी हवेत सोडत होते. १७२७ मध्ये हे निष्कर्ष त्याने प्रसिद्ध केले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याला रंग लागत नाही, शाई लागत नाही, लागतो तो फक्त काटा आणि रोज वजन लिहून ठेवण्याची शिस्त. आज आपल्या मुलांनी कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधावी, झाड मोकळे ठेवावे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुंडी सकाळ-संध्याकाळ ठेवावी. मातीतून पाणी उडण्याची वाट बंद आहे, तेव्हा जे वजन घटेल ते पानांवाटे गेलेल्या पाण्याचे. ढगाळ दिवशी आणि उन्हाच्या दिवशी किती फरक पडतो, हे त्यांनी स्वतः मांडलेल्या आकड्यांत दिसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत बॉन येथे एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी याहून धाडसी परीक्षा घेतली. खोडातल्या जिवंत पेशी पाणी वर ढकलतात की काय, ही शंका होती. त्यांनी २० मीटरहून उंच झाड बुंध्याशी कापून त्याचा कापलेला भाग विषारी द्रवात उभा केला. विष चढत गेले, वाटेतल्या पेशी मरत गेल्या, तरी द्रव चढतच राहिला. तो थांबला पानांपर्यंत विष पोहोचून पानेच निकामी झाल्यावर. म्हणजे चढवणारे कुणी वाटेत नव्हते आणि, झाड कापलेले असल्याने, मुळाशीही नव्हते. आपल्या पुरवणीतला फुलाचा दांडा आणि श्ट्रासबुर्गर यांचे झाड यांच्यात फरक आहे तो उंचीचा. पुरावा एकच आहे. पुढे १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी त्याचा अर्थ लावला. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की, बारीक नळीत बंदिस्त असलेला पाण्याचा धागा वरून ओढला तर तुटत नाही, सगळाच्या सगळा वर येतो. पानातल्या पेशींच्या भिंतींवरून पाण्याचा एक कण वाफ होऊन गेला की त्याच्या मागचा कण पुढे सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी येतो आणि ही ओढ पार मुळापर्यंत पोहोचते. केशाकर्षणाला इथे काम नाही असे नाही. पानाच्या पेशींच्या भिंतींमधल्या अतिसूक्ष्म फटींत पाण्याचा पृष्ठभाग धरून ठेवण्याचे काम तेच करते. पण खोडातून पाणी चढवणारी शक्ती ती नव्हे. हापशाच्या पंपाने दहा मीटरहून अधिक खोलीवरचे पाणी नुसत्या शोषणाने वर येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला झाडाची ही ओढ किती विलक्षण आहे ते लगेच कळेल. १९६५ मध्ये पेर शोलॅंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ओढ प्रत्यक्ष मोजण्याचे उपकरण वापरून दाखवले. खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या खारफुटीत तर ती फार मोठी भरली.

या प्रसंगी जगदीशचंद्र बोस यांचा उल्लेख टाळणे मला योग्य वाटत नाही, कारण आपल्याकडे या विषयावर लिहिताना त्यांचे नाव हटकून येते. खोडाच्या आतल्या थरातील जिवंत पेशींच्या स्पंदनांमुळे पाणी वर ढकलले जाते, असे मत त्यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. अतिशय नाजूक उपकरणे स्वतः तयार करून त्यांनी ही स्पंदने नोंदवली. त्यांचे ते मत पुढे टिकले नाही. श्ट्रासबुर्गर यांच्या मेलेल्या खोडाला त्यात उत्तर नव्हते. बोस यांच्या मोठेपणाला यामुळे बाध येत नाही, पण अभिमानापोटी आपण ते मत आजही सिद्ध म्हणून मुलांपुढे ठेवत असू, तर स्वतः बोस यांनाही ते रुचले नसते असे मला वाटते.

एवढे सांगून झाल्यावर, पुरवणीतला प्रयोग कसा द्यायला हवा होता हे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर येते. एका फुलाऐवजी चार दांड्या घ्याव्यात, सारख्या जाडीच्या, सारख्या उंचीच्या आणि शक्यतो पाने असलेल्या. तेरड्याच्या मोसमात तेरडा उत्तम, एरवी शेवंती चालते. चौघींनाही सारखेच रंगीत पाणी द्यावे. पहिली तशीच ठेवावी. दुसरीची सगळी पाने काढून टाकावीत. तिसरीच्या पानांना, विशेषतः खालच्या बाजूला, व्हॅसलिन चोपडावे, कारण बऱ्याच झाडांची पर्णरंध्रे, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, पानाच्या खालच्या अंगाला अधिक असतात. चौथी पंख्याखाली ठेवावी. दर अर्ध्या तासाने रंग कुठवर चढला ते दांडीवर खुणा करून वहीत लिहावे; शेवंतीत वाट दिसत नाही, तेव्हा तिथे पाकळ्यांवर रंग कधी उमटला ते लिहावे. ज्या दांडीची पाने गेली किंवा माखली तिचा रंग रेंगाळतो, पंख्याखालची दांडी बहुधा पुढे जाते. आणि पाणी कोण ओढत आहे हे मूल स्वतःच सांगते, त्यासाठी चौकट लागत नाही. पाचवी दांडी साध्या पाण्यात ठेवायला विसरू नये, नाहीतर रंग फुलातच होता की काय अशी शंका घेणारा एखादा तरबेज विद्यार्थी भेटतो आणि त्याची शंका रास्त असते.

प्रयोग फसण्याची कारणेही छापायला हवी होती, कारण आपली पुरवणी वाचून प्रयोग करणाऱ्या घरांपैकी काहींत तो नक्कीच फसला असेल आणि मुलाने आपलेच काहीतरी चुकले असे मानले असेल. हळद, कुंकू किंवा रंगपंचमीचा कोरडा रंग चालत नाही. त्यांचे कण पाण्यात विरघळत नाहीत आणि नळीच्या तोंडाशीच अडकतात. खाण्याचा विरघळणारा रंग किंवा लाल शाई घ्यावी. दांडी कापून हवेत ठेवली की जलवाहिन्यांच्या तोंडाशी हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याचा धागा तुटतो. म्हणून शेवटचा काप बादलीतल्या पाण्यात दांडी बुडवून, पाण्याखालीच द्यावा. मिटलेल्या खोलीत, पावसाळी दमट हवेत रंग फार सावकाश चढतो. प्रयोग फसण्याचे हे शेवटचे कारण खरे तर प्रयोग यशस्वी झाल्याचीच खूण आहे, पण ते मुलाला कुणी सांगितले तर! आणि ज्यांना अधिक मजा हवी त्यांनी दांडीचा खालचा भाग ब्लेडने मोठ्या माणसाकडून उभा चिरून घ्यावा व एक फाक लाल, दुसरी निळ्या पाण्यात ठेवावी. फुलाचा अर्धा भाग लाल, अर्धा निळा होतो. दोन्ही रंग मिसळून जांभळे फूल होईल अशी पैज बहुतेक मुले लावतात आणि हरतात.

आणि मथळा मुळांचाच ठेवायचा असेल, तर त्यासाठी वेगळा प्रयोग आहे आणि तोही तितकाच सोपा आहे. कुंडीतल्या टोमॅटोच्या किंवा तेरड्याच्या रोपाला संध्याकाळी भरपूर पाणी द्यावे, खोड मातीच्या वर चार बोटांवर धारदार सुरीने कापावे आणि खुंट तसाच राहू द्यावा. वर ओढायला आता एकही पान नाही. तरीही काही वेळाने खुंटाच्या कापलेल्या तोंडावर पाणी पाझरू लागते, पुसले तरी पुन्हा येते. हे पाणी मुळांनी ढकललेले असते. याला मूलदाब म्हणतात. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना छाटणीनंतर काडीच्या टोकातून टपकणारे पाणी परिचयाचे आहे, आणि हेल्सने हा दाब मोजला तोही द्राक्षवेलीवरच, कापलेल्या खुंटाला नळ्या जोडून. भल्या पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी लोंबणारा थेंब अनेकांना दव वाटतो. दव पानभर पसरलेले असते, हा थेंब मात्र टोकालाच येतो, कारण रात्री बाष्पीभवन मंदावल्यावर मुळांनी ढकललेले जादा पाणी तिथून बाहेर पडते. दिवसा पानांची ओढ सुरू झाली की मूलदाब जवळपास जाणवत नाही, आणि पुष्कळ झाडांत तो मुळात फारसा नसतोच. म्हणून उंच झाडांच्या शेंड्याला पाणी पोहोचवण्याचे श्रेय त्यालाही देता येत नाही.

माझी आपल्याला विनंती अशी आहे की, बालपुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, पूर्वीचा खुलासा दुरुस्त करून हा प्रयोग पुन्हा प्रसिद्ध करावा. आतल्या कोपऱ्यातल्या दोन ओळींच्या दुरुस्तीने भागणार नाही, कारण ज्या चार गटांनी तो तक्त्यावर उतरवला, त्यांनी पानच्या पान कापून वहीत चिकटवले आहे, हे मी पाहिले आहे. उत्तराची चौकट या वेळी प्रयोगाखाली न छापता पुढच्या रविवारी छापावी. मधल्या आठवड्यात मुलांनी आपापली निरीक्षणे पोस्टकार्डावर लिहून पाठवावीत, आणि जी आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळी येतील तीही छापावीत. त्यांची छाननी करण्यासाठी कुणी हवे असल्यास मी विनामोबदला यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

त्या सहावीतल्या मुलीला मी निघताना एक काम सांगून आलो आहे. घरी गेल्यावर कुंडीतले एखादे रोप कापून खुंटावर काय होते ते पाहायचे आणि मला कळवायचे. काल तिच्या शिक्षिकांचा निरोप आला: खुंटावर पाणी आले, पण आईने रोप कापल्याबद्दल ओरडा दिला. तेव्हा प्रयोग पुन्हा छापताना, आधी घरच्यांना विचारावे, ही सूचना कृपया पहिल्याच ओळीत घालावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
वाई, जि. सातारा